एका तिथीचा पाहुणा

अतिथि या शब्दाची फोड आमच्या शास्त्रीपंडितांनीं नाना प्रकारें केली आहे. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, असें कोणी म्हणतात. जो दुसरी तिथि उजाडल्यावर राहात नाहीं तो अतिथि, असें दुसरे म्हणतात. धातूकडे पाहणारे वैयाकरण या दोन्ही फोडींना हंसतील आणि सतत हिंडणें या अर्थाच्या 'अत्' धातूकडे बोट दाखवितील. तो वाद त्यांचा त्यांनीं मिटवावा. आम्हांला येथें विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या फोडीचा; कारण मनुस्मृतीनेंही एक रात्र राहणारा तो अतिथि अशीच व्याख्या केली आहे. म्हणजे थोडका मुक्काम हा अतिथीचा दोष नसून तेंच त्याचें लक्षण आहे. त्याला जो मान मिळतो तो तो उद्यां जाणार म्हणून मिळतो. दहा दिवस राहिला तर तो पाहुणा, महिनाभर राहिला तर आश्रित, वर्षभर राहिला तर भाडेकरू. आणि बारा वर्षें कोणी हटकलें नाहीं तर तो वहिवाटीनें मालकी सांगत आमच्याच एखाद्या व्यवसायबंधूकडे यावयाचा!

असें असतां, हल्लीं पाठीवर पिशव्या बांधून दोन दिवस येथें, एक रात्र तेथें असें हिंडणाऱ्या तरुण जोडप्यांकडे आमच्या वयाचीं व त्याहून वडील माणसें काहीशा तुच्छतेनें पाहतात. "दोन दिवसांत काय गांव दिसणार?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. या प्रश्नांत आम्हांला फारसा जीव दिसत नाहीं. कलबुर्गीच्या न्यायालयांत वीस वीस वर्षें काळा कोट घालणारे आणि किल्ल्याच्या दरवाजांतून एकदांही आंत न गेलेले पांचपन्नास गृहस्थ आम्ही सहज दाखवूं. गांव दिसणें न दिसणें हें दिवसांच्या संख्येवर अवलंबून नाहीं. खरा प्रश्न निराळा आहे. जो उद्यां जाणार, त्यानें आज ज्यांच्या सावलींत पाठ टेकली त्यांचें तो काय देणें लागतो? आणि तें देणें पैशांनीं फिटतें काय?

आमच्या एका जुन्या स्नेह्याची भाची व तिचा नवरा गेल्या फाल्गुनांत आमच्याकडे आलीं, त्या निमित्तानें हा प्रश्न आमच्या घरीं दोन रात्री चर्चिला गेला. दोघें पुण्यास नोकरी करतात. वर्षांतून एकदां पंधरा दिवसांची रजा काढावी, दोन पिशव्या पाठीवर घ्याव्यात आणि आगगाडीनें, मोटारीनें, प्रसंगीं पायीं हिंडावें असा त्यांचा नेम आहे. यंदां सोलापुराहून कलबुर्गी, तेथून बिदर आणि पुढें हैदराबाद असा बेत होता. पैकीं कलबुर्गीच्या वांट्याला दीड दिवस आला होता.

त्याआधीं एकदां तीं ऑस्ट्रेलियास जातांना वाटेंत दोन दिवस सिंगापुरास उतरलीं होतीं, आणि त्या मुक्कामाची हकीकत त्यांनीं मोठ्या रंगानें सांगितली. वाटेवरचा मुक्काम ही गोष्ट त्या शहरानें जणूं शास्त्राला आणून बसविली आहे. विमान बदलण्यास कांहीं तास अवकाश असलेल्या प्रवाशाला विमानतळावरूनच शहराची फेरी फुकट घडविण्याची तेथें व्यवस्था आहे. साउथ ब्रिज मार्गावर १८२७ सालीं स्थापन झालेलें मारिअम्मन देवीचें देऊळ आहे, आणि त्याच रस्त्यावर चार पावलांवर तमिळ मुसलमानांची जुनी मशीद आहे. सार्वजनिक खाद्यगृहांतून चिनी, मलयी, तमिळ असे सर्व प्रकारचे पदार्थ एका छपराखालीं मिळतात. या खाद्यगृहांच्या परंपरेची नोंद २०२० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत केली. जेवून झाल्यावर आपलें ताट आपण उचलून ठेवलें पाहिजे. न ठेवल्यास दंड होऊं शकतो, असा नियम २०२१ पासून अमलांत आला आहे. सारें स्वच्छ, वक्तशीर, निर्धोक.

"काका, दोन दिवसांत एका माणसाला काही विचारावं लागलं नाही," नवरा कौतुकानें म्हणाला. "सगळीकडे पाट्या, सगळीकडे यंत्रं. पैसे दिले, काम झालं. कुणाचं काही देणं राहिलं नाही."

"म्हणूनच मला तिथल्या एकाही माणसाचा चेहरा आठवत नाही," बायको म्हणाली.

आम्ही सिंगापूर पाहिलेलें नाहीं, आणि ज्या शहरानें इतक्या थोड्या भूमीवर इतक्या जातींचीं माणसें गुण्यागोविंदानें नांदविलीं त्याला नांवें ठेवण्याची आमची इच्छा नाहीं. ताट उचलण्याचा नियम तर आमच्या मंगलकार्यालयांतून उद्यांपासून लागू करावा असा आहे. परंतु त्या दोघांच्या बोलण्यांत जी फट आम्हांला दिसली ती पुढें कलबुर्गींत चांगलीच रुंदावली.

आशियांतील आधुनिक शहर म्हटल्यावर कलबुर्गीचें नांव कोणाच्या ओठावर येणार नाहीं, हें आम्हांला ठाऊक आहे. तरी पण १३४७ सालीं बहामनी राज्याची राजधानी झालेल्या या गांवानें मधल्या पांच सहा शतकांत घेतली नसेल एवढी धांव गेल्या वीस वर्षांत घेतली आहे. २००९ मध्यें आळंद तालुक्यांत कडगंचीजवळ केंद्रीय विद्यापीठ आलें, २०१३ मध्यें उच्च न्यायालयाचें खंडपीठ कायमचें झालें, २०१४ मध्यें गुलबर्गा हें नांव जाऊन कलबुर्गी हें अधिकृत झालें, २०१९ मध्यें विमानतळ उघडला. या शहरांत आतां खोली हातांतल्या फोनवरून ठरते, रिक्षा फोनवरून येते, जेवण फोनवरून दाराशीं येतें. म्हणजे, मनांत आणलें तर, येथेंही दीड दिवस कोणाशीं न बोलतां काढतां येतो.

त्या दोघांनीं तसें केलें नाहीं, ही त्यांच्या बाजूची गोष्ट. पहिल्या दिवशीं सकाळींच तीं किल्ल्यांत गेलीं. १३६७ सालची म्हणून ओळखली जाणारी जुम्मा मशीद त्यांनीं पाहिली; तिला उघडें आंगण नाहीं, सारी वास्तु घुमटांनीं छाइलेली आहे, आणि आंतल्या कमानींच्या रांगांतून उन्हाच्या दिवसांतही गारवा राहतो. तेथून ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा, आणि मग शरणबसवेश्वरांचें देऊळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं समाधिस्थ झालेल्या या शरणांनीं आयुष्यभर एकच व्रत चालविलें, तें अन्नदासोहाचें. 'दान' न म्हणतां 'दासोह' म्हणावें हा बसवण्णांच्या काळापासूनचा शरणांचा आग्रह. दान देणारा वर उभा असतो. दासोह करणारा म्हणतो, मी दास आहें. शब्दाच्या एवढ्या फेरानें देणाऱ्याची मान किती खालीं येते हें आमच्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या वाचतांना आम्हांला पुष्कळदां आठवतें. असो.

दुपारीं बाराच्या सुमारास ब्रह्मपुरांतल्या एका बोळांत दोघें वाट चुकलीं. ऊन तापलें होतें, जवळचें पाणी संपलें होतें. एका कौलारू घराच्या ओट्यावर सावलींत तीं टेकलीं. आंतून एक म्हातारी बाहेर आली. आमच्याकडे अशा वृद्ध स्त्रीला अव्वा म्हणतात. तिनें कांहीं न विचारतां पाण्याचा तांब्या पुढें ठेवला, मग ताक आणलें, आणि दोघांचे चेहरे पाहून म्हणाली, "पोरी, उन्हाचं कुठं जाता? दोन घास खाऊन जावा." ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, शेंगांची चटणी. घरांत ती आणि एक दहा बारा वर्षांचा नातू एवढींच. घरची परिस्थिति बेताचीच होती, हें सांगावयास नको होतें.

निघतांना नवऱ्यानें दोनशेंची नोट पुढें केली. अव्वा हंसली नाहीं. "मी काय खानावळ मांडली व्हय?" एवढेंच म्हणाली आणि तांब्या उचलून आंत गेली. मग दोघांनीं डोळ्यांनींच कांहीं ठरविलें, आणि ती नोट ताटाखालीं ठेवून तीं निघालीं. कोपऱ्यावर पोंचतात तों नातू सायकलवरून धांवत आला, नोट बायकोच्या हातांत कोंबली आणि "अव्वानं दिलीय" एवढें बोलून परत फिरला.

रात्रीं जेवतांना वाद सुरू झाला. नवरा कळकळीनें बोलत होता. त्याचें म्हणणें असें: आम्ही दोघें मिळवतीं माणसें, हौसेखातर हिंडतों. ज्या घरांत तुरीची डाळ मापून शिजते त्या घरानें आमच्या हौसेचा खर्च कां सोसावा? पैसे दिले नाहींत तर आम्ही फुकटे. दिले तर उर्मट. गुपचूप ठेवले तर पळपुटे. मग वाटसरूनें करावें तरी काय?

त्याच्या शंकेला हंसून चालणार नाहीं. गरिबाच्या आतिथ्याचीं गोड वर्णनें बहुधा भरल्या पोटानें लिहिलेलीं असतात. पूर्वीं वाटसरू पायीं चालत असे, त्याला दुसरा आधार नसे, आणि आजचा यजमान उद्यां स्वतः त्याच वाटेनें जाणार असे. त्यांत एक फिरती परतफेड होती. आज येणारा रस्त्याच्या टोकाला असलेल्या उपाहारगृहांत जाऊं शकतो. त्यानें अव्वाच्या दारीं बसणें ही त्याची गरज कितपत आणि अनुभवाची हौस कितपत? अशीं शंभर जोडपीं त्या बोळांत येऊं लागलीं तर अव्वाचें कोठार किती दिवस पुरेल? जगांतल्या कित्येक देखण्या गांवांचा अनुभव असा आहे कीं, पहिल्या दहा परक्यांना लोकांनीं घरांत घेतलें आणि पुढच्या दहा हजारांना दर सांगितले. यांत लोभच होता असें नाहीं. पुष्कळदां तो नुसता निरुपाय होता.

तरी पण ती नोट ताटाखालीं ठेवणें चुकलें असें आमचें मत आहे, आणि तें आम्ही त्याच रात्रीं त्यांना सांगितलें. त्याचीं कारणें प्रथम कायद्याच्या भाषेंत सांगतों, कारण ती भाषा आमच्या हाताला सरावलेली आहे. १८७२ सालच्या कराराच्या कायद्याचें सत्तरावें कलम पाहावें. एकानें दुसऱ्यासाठीं कांहीं केलें, तें फुकट करावें असा त्याचा हेतु नव्हता, आणि दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्यानें भरपाई केली पाहिजे, असा त्याचा आशय. साऱ्या कलमाचा भार 'हेतु' या एका शब्दावर आहे. खानावळवाल्यानें दर न सांगतां ताट वाढलें तरी पैसे द्यावेच लागतात. अव्वानें मात्र फुकट करण्याच्याच हेतूनें केलें; उद्यां तिनें स्वतः दावा लावला तरी तो काढून टाकला जाईल. म्हणजे कायद्यानें तीं दोघें त्याच दुपारीं ओट्यावरून उतरतांना मोकळीं झालीं होतीं.

आतां नोटेकडे पाहूं. ती किंमत नव्हती, म्हणजे देणगी होती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें देणगी पुरी व्हावयास घेणाऱ्याचा स्वीकार लागतो. अव्वानें ती समक्ष नाकारली होती. मग ताटाखालीं ठेवून ती देणगी होत नाहीं. ती नोट त्या दोघांचीच राहिली, आणि नातवानें परक्याची वस्तु मालकाला पोंचती केली एवढेंच. इकडे अव्वानें दिलेलें मात्र दोघांनीं स्वीकारलें होतें, म्हणून तिची देणगी पुरी झाली. ज्याच्या हातीं ताकद कमी त्याचें देणें पुरें झालें, ज्याच्या हातीं अधिक त्याचें अपुरें राहिलें. हा विपर्यास त्या तरुणाला झोंबला असावा असें आम्हांला वाटतें. पैसा हातांत असलेल्या माणसाला घेण्याचा सराव राहात नाहीं. देतांना तो मोकळा असतो; घेतांना मात्र त्याला आपण लहान झाल्यासारखें वाटतें, आणि तें लहानपण झटकून टाकण्यासाठीं तो खिशांत हात घालतो. अव्वाच्या नकाराला झांकून ठेवलेली नोट ही, खरें बोलावयाचें तर, अव्वाच्या गरजेपेक्षां त्याच्या स्वतःच्या अस्वस्थतेवरचा उपाय होती.

आमच्या जिल्ह्यांत या रोगावर एक जुनें औषध आहे. सोलापुराहून कलबुर्गीस येतांना वाटेंत गाणगापूर रोड हें स्टेशन लागतें. तेथून आंत, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ, श्रीनृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांचें स्थान आहे. दत्तमहाराज रोज माध्यान्हीं कोणत्या तरी रूपानें या गांवांत भिक्षेस येतात अशी श्रद्धा आहे. म्हणून तेथें जाणारा यात्रेकरू मधुकरी वाढतो, आणि स्वतः मधुकरी मागतोही. पांच घरांसमोर झोळी पुढें करून उभें राहावयाचें. हुद्द्यानें आमच्याहून पुष्कळ मोठे असे एक गृहस्थ आम्ही तेथें पाहिले आहेत. मोटार झाडाखालीं उभी, पायांत कांहीं नाहीं, आणि पहिल्या दाराशीं शब्द फुटेना. वाढणारी बाई वाट पाहात उभी! अन्नदान करावयास ते दरसाल येत, त्याची त्यांना संवय होती; मागण्याचा तो पहिलाच दिवस होता. देवस्थानच्या परंपरेनें मागणें हा विधीच करून ठेवला, यांत मनुष्यस्वभावाची जाण मोठी आहे. देणाऱ्यांच्या रांगेंत कोणीही उभा राहील. घेणाऱ्यांच्या रांगेंत, गरज नसतांना, नुसतें माणूस म्हणून उभें राहणें कठीण.

परंतु घेतल्यावर पुढें काय? बायकोनें हाच प्रश्न विचारला. "घ्यायचं आणि विसरून जायचं, असं तर तुम्ही म्हणत नाही ना काका?"

तसें आम्ही म्हणत नाहीं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही त्रयी आपल्या वाचकांना पाठ आहे. शतपथ ब्राह्मणांत या तिघांबरोबर चौथें एक ऋण सांगितलें आहे, तें मनुष्यऋण. आणि तें फेडण्याची रीत म्हणून माणसांना आसरा व अन्न देणें सांगितलें आहे. या चौथ्या ऋणाची खुबी अशी कीं, तें ज्याचें घेतलें त्यालाच परत करावयाचें नसतें. पितृऋण तरी आपण बापाला कोठें परत करतों? तें मुलांना देऊन फिटतें. तसेंच अव्वाचें ऋण अव्वाला द्यावयाचें नाहीं; तिनें तें घेतलें नाहीं हें म्हणूनच बरोबर होतें. तें द्यावयाचें पुण्यास त्यांच्या स्वतःच्या दारीं, एखाद्या दुपारीं अवेळीं आलेल्या, नांव ठाऊक नसलेल्या कोणाला तरी.

यावर ती मुलगी बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "काका, आमच्या इमारतीत पाणी मागायला कुणी येऊच शकत नाही. खाली फाटकावर पहारेकरी असतो. ज्याला यायचं त्याचं नाव फोनवर येतं, आम्ही हो म्हटलं तरच फाटक उघडतं. ज्याचं नाव आम्हाला माहीत नाही त्याला हो कसं म्हणणार?"

आमच्या मतें दोन रात्रींच्या त्या साऱ्या वादांतलें हें सर्वांत महत्त्वाचें वाक्य. आम्ही सारा वेळ वाटसरूच्या वागण्याचा विचार करीत होतों. तिनें प्रश्न वाटसरूच्या घराच्या दाराशीं नेला. ज्याच्या घराला अनोळखी माणसासाठीं दारच नाहीं, त्याचें मनुष्यऋण फिटावयाचें कसें? असा माणूस जगभर हिंडेल, अव्वांच्या ओट्यावर बसेल, प्रत्येक ठिकाणीं उपकृत होईल, आणि तें सारें त्याच्यापाशींच साठत जाईल. त्यानें पैसे दिले कीं नाहीं हा भेद त्यापुढें किरकोळ आहे. हें फाटक त्या मुलीनें एकटीनें बांधलेलें नाहीं, हें आम्ही जाणतों. चोरी, फसवणूक, एकट्यादुकट्या बाईची सुरक्षितता हीं कारणें खरीं आहेत, आणि पहारेकरी काढून टाका असा उपदेश आम्ही करणार नाहीं. परंतु फाटक आवश्यक असेल तर फाटकाबाहेर एक ओटा, एक पाण्याचा माठ, सावलीला एक झाड, एवढें तरी त्या शंभर घरांनीं मिळून कां करूं नये? आमच्या जुन्या गांवांतून पाणपोया होत्या, त्या कांहीं एकेका घराच्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशीं पहांटे दोघें बिदरच्या गाडीनें गेलीं. हा लोहमार्ग पुरा होऊन २९ ऑक्टोबर २०१७ रोजीं सुरू झाला. त्यापूर्वीं कलबुर्गीहून बिदरला थेट गाडीच नव्हती. बिदर हें तर मुक्कामाला आलेल्यांचेंच शहर. गिलानचा व्यापारी महमूद गवान १४५३ मध्यें दक्षिणेंत आला, बहामनींचा वजीर होऊन येथेंच राहिला, १४७२ मध्यें त्यानें आपली मदरसा उभारली, आणि १४८१ मध्यें सुलतानाच्या हुकुमानें मारला गेला. त्याच्याच वजिरीच्या काळांत अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकावयास बिदरास आला. त्याच्या आठवणी आतिथ्यावर भाबडेपणानें बोलणाऱ्यांनीं अवश्य वाचाव्यात. जुन्नरास तेथल्या खानानें त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदल तर देतों असें बजावलें. एका ओळखीच्या माणसानें रदबदली केली म्हणून तो सुटला. बिदरास मात्र आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहों असें त्यानें कांहीं हिंदूंना सांगतांच त्यांनीं आपलें खाणें, व्यवहार, पूजा यांतलें कांहीं त्याच्यापासून लपविलें नाहीं, आणि श्रीशैलाच्या यात्रेलाही तो त्यांच्याबरोबर गेला. एकाच देशांत, एकाच प्रवासांत, एका गांवीं दरडावणी आणि दुसऱ्या गांवीं सोबत.

पण मराठी माणसाला बिदर म्हटलें कीं निकितीन आठवत नाहीं, आठवतात ते मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळांत त्यांनीं सरकारी कोठारें भुकेल्यांना खुलीं केलीं. बिदरच्या बादशहाचें बोलावणें आलें. आणि ते वाटेंत असतांनाच पंढरीचा विठोबा विठू महाराच्या रूपानें बिदरास पोंचला, धान्याची किंमत मोजून पावती घेऊन गेला, अशी कथा महीपतींनीं भक्तविजयांत सांगितली आहे. ती पावती आम्ही धंद्याच्या नजरेनें पाहतों तेव्हां एक मौज दिसते. बादशहाचें देणें पावतीनें पुरें फिटलें. पण तीच पावती हातीं पडतांच दामाजीपंतांवर दुसरें देणें चढलें, आणि त्या देण्यासाठीं त्यांनीं चाकरी सोडली व पंढरीची वाट धरली. ज्याची पावती मिळते तें कर्ज आणि जिची पावती मिळत नाहीं ती कृतज्ञता, या दोहोंतला भेद कथेनें इतका स्वच्छ करून ठेवला आहे.

आणखीही एक गोष्ट त्या कथेंत आहे, जी कीर्तनांत सहसा कोणी विचारीत नाहीं. मंगळवेढ्याहून बिदर ही पायीं कित्येक दिवसांची वाट. त्या वाटेनें विठू महार चालला तेव्हां त्याला रात्रीं कोणी ओटा दिला? पाण्याचा तांब्या कोणी पुढें ठेवला? देवाला चमत्कारानें पोंचतां येतें असें म्हणून हा प्रश्न टाळतां येईल. पण मग त्यानें महाराचें रूप कां घेतलें? ज्या स्मृतीनें एक रात्रीच्या अतिथीची सुंदर व्याख्या केली तिनेंच ती ब्राह्मणापुरती केली. क्षत्रिय आला तर त्याला मागाहून वाढावें, वैश्य शूद्र आले तर दया म्हणून नोकरांबरोबर जेवूं घालावें, असा पुढें क्रम लावला आहे. विठू महार त्या क्रमांतही बसत नाहीं. आतिथ्याची थोरवी गातांना आपण कोणाला दाराबाहेर ठेवून ती गात होतों हें विसरूं नये.

बिदरहून दोघांचा फोन आला तो नानक झिऱ्याच्या गुरुद्वारांतून. गुरु नानकदेव येथें आले असतां खाऱ्या पाण्यानें गांजलेल्या लोकांसाठीं त्यांनीं पायानें दगड बाजूस सारला आणि गोड पाण्याचा झरा लागला, अशी तेथली श्रद्धा. तो झरा आजही वाहतो. तेथें लंगरांत जेवल्यावर नवऱ्यानें कोणाला विचारून दोन तास भांडीं घासलीं. "इथं पैसे ताटाखाली ठेवावे लागत नाहीत काका," तो म्हणाला. "बाही वर केली की झालं." देण्याघेण्याच्या कोड्यांतून अंगमेहनतीची ही वाट त्याला आपली आपणच सांपडली, आमच्या कलमांचा त्यांत कांहीं वाटा नाहीं.

आतां थोडें आपल्या घरचें. गोव्याच्या देवस्थानांतून अग्रशाळा असतात; त्यांच्या धर्तीवर आपल्या ज्ञातीच्या एका देवस्थानानें भक्तनिवास बांधला आहे. त्याच्या नियमांचा मसुदा यंदांच आमच्याकडे तपासणीस आला. खोली कुळाव्यांनाच मिळेल. आगाऊ नोंदणी पाहिजे. अर्जांत गांव, कूळ, गोत्र भरावें. रात्रीं नऊनंतर दार उघडणार नाहीं. आम्ही भाषेच्या दुरुस्त्या केल्या आणि समासांत एक सूचना लिहिली: तळमजल्यावरची एक खोली यादींत घेऊं नये, उशिरां, न कळवितां आलेल्या कोणाही वाटसरूला ती एका रात्रीपुरती द्यावी, सरकारी नियमाप्रमाणें ओळखपत्र पाहावें, पण कूळ विचारूं नये.

विश्वस्तांच्या सभेंत यावर पाऊण तास बोलणें झालें. एका वयोवृद्ध सभासदांनीं हरकत घेतली कीं, देवस्थान कुळाव्यांच्या पैशानें उभें आहे, मग परक्यानें त्यावर हक्क कां सांगावा? हक्काचा प्रश्नच नाहीं, असें आम्ही सांगितलें. हक्क असता तर तो अतिथि न राहतां भाडेकरू झाला असता. मग आम्ही त्यांना १५६० सालची आठवण दिली. पोर्तुगीजांच्या भयानें कुशस्थळीहून मंगेशाचें लिंग रातोरात नदीपार, त्यांच्या अमलाबाहेर, प्रियोळास नेलें गेलें. त्या रात्रीं पलीकडच्या तीरावर ज्यांनीं जागा दिली त्यांनीं आलेल्यांना कूळ विचारलें होतें काय? आपला देव ज्या गांवीं एका रात्रीच्या आसऱ्याला आला, तेथेंच गेलीं साडेचारशेंहून अधिक वर्षें आहे.

सभासद थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं विचारलें कीं, रात्रीं नऊनंतर कोणी आलें तर दार उघडावयास उठणार कोण? पुजारी म्हणतात पहांटे काकडआरतीला उठावें लागतें. राखणदार म्हणतो त्याचा पगार दिवसाचा आहे. सूचना फेटाळली गेलेली नाहीं. किल्ली कोणाकडे ठेवावी हा विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सातव्या क्रमांकानें घातला आहे.